रोहित पाहायचे तर भरतीच्या वेळी!

नवी मुंबई, प्रतिनिधी : रोहित अर्थात फ्लेमिंगो पाहण्यासाठी नेरूळच्या डीपीएस शाळेमागील तलावावर भल्या पहाटे जायचे आणि मोकळे पाणी पाहून परतायचे, असा अनुभव अनेक पक्षिप्रेमींना येतो. यंदा पक्षी आलेच नाहीत, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः बऱ्याचदा त्या वेळी थवे जवळच ठाणे खाडीत चरत असतात.

ओहोटी लागली की खाडीकाठचा चिखल उघडा पडतो. चोच उलटी धरून त्यातील शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खाणे, हा रोहितांचा उद्योग. पिसांचा गुलाबी रंगही या आहारातूनच येतो. भरतीत हा चिखल पाण्याखाली गेला की पाय टेकतील अशा उथळ पाण्याच्या शोधात थवे उठतात. सुमारे ३० एकरांचा हा तलाव म्हणजे त्यांची विसाव्याची जागा!

भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरील जुना हिशेब येथेही उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तर पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास पूर्ण भरती असते. त्यातही उधाणाचे दिवस अधिक चांगले. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत पाणी फारसे चढत नाही.

साधारणतः नोव्हेंबर ते मे हा हंगाम. गडद तांबड्या चोचीचा, बुटका तो छोटा रोहित. उंच, फिकट आणि चोचीचे केवळ टोक काळे असलेला तो मोठा. करड्या रंगाची पिल्ले पाहून ती वेगळ्या जातीची असावीत, असे नवख्यांना हमखास वाटते. सोबत शेकाट्या, चित्रबलाक, तुतारीही दिसतात.

हे सारे अवलंबून आहे ते खाडीतून तलावात येणाऱ्या पाण्यावर. २०२४ मध्ये पाण्याचे मार्ग बुजल्याने तलाव कोरडा पडला आणि परिसरात काही रोहित मृतावस्थेत आढळले. रहिवासी व पर्यावरणप्रेमींच्या पाठपुराव्यानंतर मार्ग मोकळे झाले आणि पक्षीही परतले. एप्रिल २०२५ मध्ये हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्यास राज्य शासनाने मान्यता दिली. शेजारच्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०१५ पासून संरक्षण आहे, २०२२ मध्ये ते रामसर यादीतही गेले. परंतु भरतीच्या वेळी पक्षी जेथे टेकतात, ते तलाव त्या सीमेबाहेर राहिले होते.

संरक्षण कागदावर आले तरी पाणी आपोआप येत नाही. भरतीची ये-जा मंदावली की पाणी साचते, त्यावर शेवाळाचा जाड थर धरतो आणि पक्षी पाठ फिरवतात. त्यामुळे दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी थव्यांबरोबरच खाडीचे पाणी आत येते त्या मुखाकडेही नजर टाकावी. ऐन भरतीत तेथे प्रवाह दिसत नसेल, तर ती बाब वन विभागाच्या कानावर त्याच दिवशी घातलेली बरी.