रानचा वाघ नागपुरास जातो तेव्हां

आमच्या मूल गांवच्या माणसास वाघ पाहण्यासाठीं प्राणिसंग्रहालयांत जाण्याचें कारणच काय, असें बाहेरगांवचे पाहुणे थट्टेनें विचारतात. त्या थट्टेंत थोडें तथ्य आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचें बफर क्षेत्र आमच्या तालुक्यापर्यंत पसरलेलें आहे, आणि धानाच्या बांधीच्या पाळीवर सकाळीं पंजाचे ठसे आढळणें ही येथें कोणास नवलाची गोष्ट वाटत नाहीं. असें असूनहि गेल्या हिवाळ्यांत आमची सहल नागपूरजवळील गोरेवाडा येथील प्राणिउद्यान पाहण्यास गेली. मूलपासून हें अंतर सुमारें दीडशें किलोमीटर आहे. सफारीच्या गाडीला जाळी लावलेली होती. झुडपांच्या सांवलींत पहुडलेला वाघ दिसतांच मुलांनीं एकच गलका केला. नववींतील एक मुलगा मात्र गप्प बसून होता. त्याच्या मोठ्या आईला दोन वर्षांपूर्वीं तेंदूपानांच्या हंगामांत वाघानें नेलें होतें. गाडी पुढें निघाल्यावर तो मला हळूच म्हणाला, “सर, आपल्याकडून पकडून आणलेला वाघ यांतला कोणता?”

त्या प्रश्नाचें उत्तर मला त्या वेळीं नीट देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा हा प्रयत्न आहे. आणि प्रश्न एकट्या त्या मुलाचा नसल्यामुळें तो येथें छापण्यास हरकत नसावी.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गोरेवाडा येथें दोन निरनिराळ्या संस्था शेजारीं शेजारीं आहेत. पहिली म्हणजे वन्यप्राणी बचाव केंद्र. जखमी, अनाथ अथवा माणसांशीं संघर्षांत सांपडलेल्या जनावरांसाठीं हें केंद्र २०१५ सालीं सुरू झालें. दुसरी म्हणजे प्राणिउद्यान. त्यांतील भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजीं लोकांसाठीं खुली झाली. तेथें वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षक प्राणी यांच्यासाठीं वेगवेगळे विस्तीर्ण भाग कुंपणानें वेढलेले आहेत, व प्रेक्षक बंद गाडींतून त्यांमधून फिरतात. सामान्य प्राणिसंग्रहालयांत जनावर पिंजऱ्यांत असतें व माणूस मोकळा असतो. येथें तो क्रम उलटा केलेला आहे. बचाव केंद्रांत मात्र प्रेक्षकांस प्रवेश नाहीं. माणसें मारलेले जे वाघ आमच्या जिल्ह्यांतून तेथें गेले, ते बहुधा त्या बंद भागांतच राहतात. तेव्हां त्या मुलास खरें उत्तर द्यावयाचें तर इतकेंच, कीं तो वाघ आपण पाहिलाच नाहीं.

असा वाघ तेथें जातो तरी कसा? महाराष्ट्रांत २०१४ च्या गणनेंत १९० वाघ होते. २०१८ मध्यें ते ३१२ झाले व २०२२ मध्यें ४४४. ही वाढ अभिमानाची खरी, परंतु तिचा फार मोठा भार चंद्रपूर जिल्ह्यानें उचलला आहे. जंगल मात्र त्या प्रमाणांत वाढलें नाहीं. तरुण वाघ आईपासून सुटला, कीं त्याला स्वतःचें क्षेत्र शोधावें लागतें. जेथें जावें तेथें आधींच कोणी बलिष्ठ वाघ ठाण मांडून बसलेला असतो. मग तो शेतांच्या कडेनें, नाल्यांच्या कांठानें हिंडूं लागतो, आणि त्याच वाटांनीं मोहफुलें, सरपण व तेंदूपानें आणावयास बाया जात असतात. वांकून पान खुडणारी बाई त्याला दुरून चतुष्पाद जनावरासारखी दिसते, असें वन्यप्राण्यांचा अभ्यास करणारे सांगतात. राजुरा परिसरांतील आरटी-१ या वाघानें आठ माणसांचा बळी घेतल्यावर ऑक्टोबर २०२० मध्यें त्याला पकडण्यांत आलें. सीटी-१ या वाघाच्या नांवावर तेरा बळी होते. वडसा, भंडारा व ब्रह्मपुरी अशा तिन्ही भागांत त्याचा वावर होता, आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजीं तो वडसा येथील जंगलांत सांपडला. दोघांचीहि रवानगी गोरेवाड्यास झाली.

पकडण्याचें काम वाटतें तितकें सोपें नसतें. भूल देणारी सुई बंदुकींतून मारतात. पण औषधाची मात्रा जनावराच्या वजनाच्या अंदाजानें ठरवावी लागते, आणि सुई लागल्यानंतर वाघ लागलीच कोसळत नाहीं, कांहीं मिनिटें तो चालत राहतो. तेवढ्या अवधींत तो पाण्यांत अगर दरींत जाऊं नये म्हणून माणसें ठिकठिकाणीं उभीं करावीं लागतात. अशा वेळीं खरा अडथळा बघ्यांचा होतो. वाघ पकडतात असें कळलें, कीं शेंकडों लोक मोबाईल घेऊन धांवतात, आणि बिथरलेला वाघ गर्दींतून वाट काढूं पाहतो. पकडलेल्या जनावराचा पिंजरा प्रवासांत झांकून ठेवतात, कारण अंधारांत तें शांत राहतें. चंद्रपूर येथें वनखात्याचें उपचार केंद्र आहे. पुष्कळ वाघ प्रथम तेथें तपासले जातात व मग नागपुरास नेले जातात.

नव्या ठिकाणीं आलेला प्राणी तत्काळ इतरांशेजारीं ठेवीत नाहींत. साधारणतः महिनाभर त्याला वेगळा ठेवून रक्त, विष्ठा व श्वास यांची तपासणी होते. हें सर्व नुसतें कागदी सोपस्कार आहेत असें ज्याला वाटत असेल, त्यानें डिसेंबर २०२४ ची घटना आठवावी. गोरेवाडा बचाव केंद्रांत तीन वाघ व एक बिबट थोड्याच दिवसांच्या अंतरानें मेले. भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत नमुने पाठविले तेव्हां कारण निघालें बर्ड फ्लू, म्हणजे मुळांत पक्ष्यांचा रोग! ते वाघ चंद्रपूरहूनच आणलेले होते. रानांत ज्यांना कोणी हात लावूं शकलें नाहीं, त्यांचा एका सूक्ष्म विषाणूनें अंत केला.

आतां पिंजऱ्याविषयीं. मी पिंजरा म्हणतों खरा, परंतु हा शब्द आतां जुना होत चालला आहे. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं वाघ म्हणजे लोखंडी गजांआड येरझारा घालणारें जनावर, अशीच सर्वत्र कल्पना होती. ती बदलण्याचें मोठें श्रेय कार्ल हागेनबेक या जर्मन गृहस्थास दिलें जातें. जनावरांचा व्यापार करतां करतां कोणता प्राणी किती उंच व किती लांब उडी मारतो याचे त्यानें प्रयोग केले, आणि १९०७ सालीं हांबुर्गजवळ असें उद्यान उघडलें, कीं जेथें प्रेक्षक व सिंह यांच्यामध्यें गज नव्हते. होता तो केवळ दृष्टीस न पडणारा खोल खंदक. दिल्लीचें प्राणिसंग्रहालय १९५९ मध्यें उघडलें. त्याची आंखणी करतांना हागेनबेकच्याच वंशजाचें साहाय्य घेतलेलें होतें, आणि तेथेंहि खंदकाचीच पद्धत आली.

आपल्या देशांत १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण या गोष्टींचे नियम ठरवितें. वाघांच्या जोडीस निदान एक हजार चौरस मीटर मोकळी जागा असावी, जाळीचें कुंपण सुमारें पांच मीटर उंच असून त्याचा वरचा भाग आंत कललेला असावा, अशा त्यांच्या अपेक्षा आहेत. प्रेक्षकांस जें दिसत नाहीं, तें बांधकाम अधिक महत्त्वाचें आहे. मोकळ्या आवारामागें निजण्याच्या कोठड्या असतात, व त्यांची दारें बाहेरून साखळीनें वर ओढण्याजोगीं केलेलीं असतात. राखणदार आवार झाडावयास गेला, कीं वाघ कोठडींत. वाघ बाहेर आला, कीं राखणदार कोठडींत. दोघे एका वेळीं एका जागीं कधींहि येत नाहींत. एका पिंजऱ्याची भिंत सरकवितां येते, ज्यायोगें जनावराला हळूच अडवून भूल न देतां सुई टोंचतां यावी. शिवाय पोहण्यास टांकें, ओरखडण्यास ओंडके आणि लोकांच्या नजरेपासून लपण्यास आडोसा हवाच. विदर्भाच्या उन्हाळ्यांत तर वाळ्याचे पडदे व कूलर लावावे लागतात. आपल्या घरीं कूलर नाहीं व वाघाला आहे, असें कोणी पुटपुटलें तर मी त्याला दोष देणार नाहीं. पण रानांतला वाघ नाल्यांत बसून राहूं शकतो, हाहि विचार त्यानें करावा.

परदेशीं पाहुणा आणला म्हणजे बांधकामाची पंचाईत आणखी वाढते. मुंबईच्या राणीच्या बागेंत जुलै २०१६ मध्यें दक्षिण कोरियांतून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांचें थंड दालन तयार होऊन लोकांसाठीं उघडेपर्यंत मार्च २०१७ उजाडला, आणि तत्पूर्वीं ऑक्टोबरांतच त्यांपैकीं एक पक्षी दगावला. त्यावरून मुंबईंत मोठा वाद माजला. हम्बोल्ट पेंग्विन हा बर्फांतला पक्षी नव्हे; तो पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरचा. म्हणून त्याला गोठविणारी थंडी लागत नाहीं, सोळा-अठरा अंश पुरतात. तथापि मुंबईच्या दमट हवेंत तेवढेंहि अहोरात्र राखणें म्हणजे यंत्रांवर त्या पक्ष्यांचा जीव टांगणेंच होय. माझ्या मतें एवढा द्रव्यव्यय आपल्याच रानच्या अनाथ जनावरांवर झाला असता तर अधिक शोभला असता. पण पेंग्विन पाहण्यास लोटलेली बालकांची गर्दी पाहून हें मत बोलून दाखविण्याचा धीर होत नाहीं.

आतां प्रेक्षकांविषयीं दोन शब्द. हे मला आमच्या मुलांसमोरहि बोलावे लागले. हेडिगर नांवाचे एक स्विस प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनीं दाखवून दिलें, कीं प्रत्येक जातीच्या प्राण्यास एक ठराविक अंतर असतें. शत्रु त्या अंतराच्या आंत आला, कीं प्राणी पळतो, आणि पळण्यास वाट नसेल तर उलटून अंगावर येतो. प्राणिसंग्रहालयांतील कुंपण त्या अंतराच्या बाहेर असेल तरच जनावर निश्चिंत राहतें. आपण कांचेवर टकटक करतों, शीळ घालतों, खडे मारतों, तेव्हां तें अंतर आपण मोडीत असतों. पुष्कळांस वाटतें, कीं वाघ झोंपला आहे म्हणजे पैसे फुकट गेले! वाघ दिवसाचे कित्येक तास झोंपतो, रानांतहि. झोंपलेला वाघ हाच सुखी वाघ, आणि एकाच रेषेवरून फेऱ्या घालणारा वाघ बहुधा त्रासलेला असतो. परंतु लोक नेमके त्या फेऱ्यांनाच टाळ्या वाजवितात. एका संग्रहालयांत एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थास हरणाच्या कुंपणांतून चिवड्याचें प्लास्टिक आंत सारतांना मी स्वतः पाहिलें आहे. हरिण पिशवीसकट खातें, आणि ती पिशवी त्याच्या पोटांत अडकून बसते.

सप्टेंबर २०१४ मध्यें दिल्लीस एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकांत पडला. वाघ बराच वेळ त्याच्यासमोर नुसता उभा होता. वरच्या लोकांनीं मदतीच्या हेतूनेंच आरडाओरडा केला व दगड मारले, आणि वाघानें त्या तरुणास मानेला धरून नेलें, असें वर्णन त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें होतें. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे या कलमानें प्राणिसंग्रहालयांतील जनावरास चिडविणें, खाऊ घालणें, गोंगाटानें त्रास देणें व तेथें कचरा टाकणें हे गुन्हे ठरविले आहेत. पाटी वाचणाऱ्यांहून पाटीला टेकून छायाचित्र काढणारेच मला अधिक दिसले.

मग एक शंका राहते: वाघाला पुन्हां रानांत कां सोडीत नाहींत? सोडतात, परंतु माणसांवर हल्ले करणें ज्याच्या अंगवळणीं पडलें, त्याला कोणत्या गांवच्या रानांत सोडावें? आणि जीं पिलें माणसांच्या हातून वाढलीं, त्यांची गत तर बिकटच. यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याजवळ नोव्हेंबर २०१८ मध्यें ‘अवनी’ वाघीण मारली गेली. तिची मादी पिलूं पुढच्याच महिन्यांत पकडून पेंच येथें मोठ्या कुंपणांत ठेवलें. तें तेथें शिकार करावयास शिकलें, आणि मार्च २०२१ मध्यें त्याला मोकळें सोडलें. थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघाशीं झालेल्या झुंजींत तें घायाळ झालें व मेलें.

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत, हेमलकसा येथें, याच प्रश्नाची निराळी बाजू दिसते. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्यें सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश आमटे यांस शिकारीहून परतणारे माडिया लोक भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचें जिवंत पिलूं बिलगून होतें. डॉक्टरांनीं तांदूळ व कपडे देऊन तें मागून घेतलें, आणि तेथून अनाथ जनावरांचें तें घर उभें राहिलें. शिकारीवर पोट भरणाऱ्या माणसास ‘मारूं नको’ म्हणून त्यांनीं उपदेश केला नाहीं. धान्य दिलें व पिलूं घेतलें. हा व्यवहार मला कोणत्याहि पाटीपेक्षां परिणामकारक वाटतो.

नागपुराहून परततांना उमरेड, भिवापूर, नागभीड मागें पडलें. गाडींत गाणीं व कोलाहल चालला होता. सिंदेवाही ओलांडून रस्ता जंगलांत शिरला तेव्हां अंधार दाट झाला होता. कोणी न सांगतां मुलें गप्प झालीं. चालकानें गाडीचा वेग कमी केला. तो नववींतला मुलगा खिडकीशीं बसून बाहेर पाहत होता. मूलचे दिवे दिसेपर्यंत त्यानें कांच लावली नाहीं.