व्होल्टेज उतरले की गिझर आणि पंप

निफाडच्या थंडीत पहाटे गिझरचे पाणी लवकर तापेना, तर दोष गिझरचाच असेल असे नाही. आधी व्होल्टेज पाहावे. २३० व्होल्टवर चालणारा २००० वॉटचा गिझर घ्या. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. म्हणून प्रवाह सुमारे ८.७ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो, इथे साधारण २६.५ ओहम. कॉइलचा हा रोध जवळपास तोच राहतो. आता द्राक्षबागांचे पंप एकदम सुरू झाले आणि व्होल्टेज १८० वर आले, तर प्रवाह ६.८ अँपिअर आणि शक्ती अवघी १२२५ वॉट! व्होल्टेज घटले बावीस टक्के, उष्णता मात्र एकोणचाळीस. कारण व्होल्टेजबरोबर प्रवाहही उतरतो.

पंपाची मोटर उलटी वागते. तेवढेच पाणी उपसायचे असल्याने कमी व्होल्टेजला ती जास्त अँपिअर ओढते. वायंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून मोटर जळते. तिला वरचा साधा हिशेब लागू होत नाही, पॉवर फॅक्टरही धरावा लागतो. शेतकऱ्याने स्टार्टरवरचा अँपिअर मीटर बघावा. नेमप्लेटवरच्या आकड्यापुढे काटा गेला, की पंप लगेच बंद करावा.