दरपत्रकाची भाषा : ‘महिना’, ‘अमर्याद’ आणि ‘आजीवन’

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मोबाइल कंपन्यांची दरपत्रके वाचावीत, ही सूचना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. दर हा अर्थशास्त्राचा विषय आणि त्यावरील नियंत्रण हा विधिशास्त्राचा. तेथे भाषेचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु रिचार्ज करणारा ग्राहक डोळ्यांना दिसणारी वस्तू विकत घेत नसतो. तांदूळ तराजूत तोलून घेता येतो. मोबाइलची सेवा मात्र शब्दांतच तोलली जाते. किती दिवस, किती वापर, कोणत्या मर्यादेपर्यंत, हे सारे शब्दच सांगतात. म्हणून रुपयांचा आकडा कायम ठेवूनही केवळ शब्दाचा अर्थ आकसवून दर वाढविता येतो. प्रस्तुत लेखात अशा तीन शब्दांचा विचार करावयाचा आहे. शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार हीसुद्धा एक सत्ता आहे, आणि ती कोणाच्या हाती आहे हे पाहणे आवश्यक आहे, एवढेच त्यातून दाखवावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती न्याय्यपणे मांडली पाहिजे. मुंबईत १९९५ मध्ये मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा गर्दीच्या वेळी एका मिनिटाचा कमाल दर १६ रुपये ८० पैसे होता, आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. येणारे कॉल निःशुल्क झाले ते मे २००३ पासून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचा प्रवेश झाल्यावर इंटरनेटचे दर कमालीचे उतरले. तेव्हा सेवा पूर्वीपेक्षा महाग झाली आहे, ही तक्रार सरसकट टिकणारी नाही. परंतु ज्या स्पर्धेने दर उतरले तिनेच स्पर्धकांची संख्याही घटविली. २०१७ ते २०१९ या काळात रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर व टाटा यांच्या मोबाइल सेवा बंद पडल्या किंवा इतरांत विलीन झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खाजगी क्षेत्रात तीन मोठ्या कंपन्या उरल्या. त्यानंतर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशी तीनदा मोठी दरवाढ झाली. शेवटच्या वेळी तिन्ही कंपन्यांच्या घोषणा २७ आणि २८ जून २०२४ या दोन दिवसांत झाल्या. जिओची दररोज दीड जीबी देणारी, २८ दिवसांची २३९ रुपयांची योजना २९९ रुपयांची झाली. ही वाढ सुमारे २५ टक्के होते. दर एकाच वेळी वाढले एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही; थोड्या विक्रेत्यांच्या बाजारात एकाकडे पाहून दुसरा दर वाढवितो, हे अर्थशास्त्रात परिचित आहे. ग्राहकाला मात्र परिणाम एकच जाणवतो : जावयाचे तर कोठे, हा प्रश्न.

या दरांवर नियामकाचे नियंत्रण नाही काय? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, १९९७ पासून अस्तित्वात आहे आणि दर ठरविण्याचा अधिकार कायद्याने त्यास दिलेला आहे. परंतु मोबाइलच्या बहुतेक दरांबाबत तो अधिकार न वापरण्याचे धोरण दीर्घकाळ चालत आलेले आहे. कंपनीने दर स्वतः ठरवावा आणि अंमलात आणल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत ट्रायला कळवावा, अशी पद्धत आहे. या धोरणास इंग्रजीत ‘फॉरबेअरन्स’ म्हणतात. या शब्दाचा साधा अर्थ संयम, तितिक्षा. अधिकार असूनही तो न वापरणे यास सद्गुणवाचक नाव मिळाले, म्हणजे त्याविरुद्ध बोलणारा आपोआप असंयमी ठरतो. स्पर्धक अनेक होते तेव्हा हे धोरण ग्राहकाच्या हिताचेच ठरले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु परिस्थिती पालटल्यावर जुने नाव तसेच राहते आणि युक्तिवादाचे काम करू लागते.

आता पहिला शब्द, ‘महिना’. हा आपल्याकडे फारसीतून आला. फारसी ‘माह’ आणि संस्कृत ‘मास’ ही एकाच मुळाची रूपे, आणि दोहोंच्या मागे चंद्र आहे. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, सौरमास तीस-एकतीस दिवसांचा, नाक्षत्रमास सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित अधिक. अठ्ठावीस दिवसांचा मास यांपैकी कोणत्याच गणनेत बसत नाही; तो फक्त फेब्रुवारीत, तोही लीप वर्ष नसताना, आढळतो. दरपत्रकात ‘२८ दिवस’ असे स्पष्ट छापलेले असते, हे खरे. परंतु व्यवहारात ग्राहक ‘महिन्याचा रिचार्ज’ असेच म्हणतो, आणि त्याच्या या भाषिक सवयीवरच योजनेचे गणित उभे आहे. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षास बाराऐवजी तेरा वेळा पैसे भरावे लागतात. २९९ रुपयांच्या योजनेत बारा वेळचे ३,५८८ रुपये होतात आणि तेरा वेळचे ३,८८७. पंचांगात अधिकमास सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा येतो. मोबाइलच्या पंचांगात तो दरवर्षी येतो.

उपनगरातील नोकरदाराच्या खिशात या दोन कालगणना शेजारी शेजारी नांदतात. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्याचा रेल्वेचा मासिक पास दहा तारखेस सुरू झाला तर पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेपर्यंत चालतो. पगार, खोलीचे भाडे, गृहनिर्माण संस्थेची वर्गणी, दूधवाल्याचा हिशेब, सारे कॅलेंडरच्या महिन्याने होते. घाटकोपर-मुलुंडकडे घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीचे वेतन वर्षातून बारा वेळा येते आणि तिचा रिचार्ज तेरा वेळा संपतो. तो कधी सहा तारखेस संपतो, कधी महिनाअखेरीस, हातात पैसा नसताना. कामाचा निरोप, मुलाच्या शाळेचा संदेश, बँकेचा सांकेतिक क्रमांक ज्या एकाच यंत्रावर यावयाचा ते मुके होणे ही तिच्या दृष्टीने किरकोळ गैरसोय नव्हे.

या तक्रारींची दखल ट्रायने घेतली. २७ जानेवारी २०२२ च्या आदेशान्वये प्रत्येक कंपनीने आपल्या प्रीपेड योजनांच्या प्रत्येक प्रकारात किमान एक योजना तीस दिवसांची आणि किमान एक दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी, असे ठरले. रूढ अर्थाचा हा विजय खराच. परंतु तो ‘किमान एक’ या दोन शब्दांपुरता मर्यादित राहिला. २८, ५६ आणि ८४ दिवसांच्या योजनांवर बंदी आली नाही.

दुसरा शब्द ‘अमर्याद’. जाहिरातीत बहुधा ‘अनलिमिटेड’. दररोज दीड जीबीची मर्यादा असलेल्या योजनेसही हे विशेषण लागते. कारण असे सांगितले जाते की, मर्यादा संपल्यावर इंटरनेट बंद पडत नाही, केवळ त्याचा वेग उतरतो. हा वेग अनेक योजनांत सेकंदास ६४ किलोबिट इतका खाली येतो. त्यावर एखादे चित्र उघडण्यासही ताटकळावे लागते. अर्थशास्त्रज्ञ यास सेवेचे प्रतवारीकरण म्हणतील. भाषाशास्त्रदृष्ट्या हा अर्थसंकोच आहे. मात्र भाषेत अर्थसंकोच साधारणतः पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने होतो आणि त्यास समाजाची संमती असते. येथे तो एका पक्षाने, एका दिवसात, तळटिपेत घडविलेला आहे.

तिसरा शब्द ‘आजीवन’. २००५ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ प्रीपेड योजना निघाल्या आणि एकदाच भरलेल्या मोठ्या रकमेत कायमचे येणारे कॉल मिळतील, अशी लोकांची समजूत झाली. जीवन कोणाचे, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांना सुचला. ट्रायने पुढे स्पष्ट केले की, कंपनीस परवान्यान्वये सेवा देण्याची मुभा असेपर्यंतचा काळ म्हणजे हे जीवन. परवान्याचे आयुष्य किती अल्प असू शकते, याचा अनुभव मुंबईकरांना आला. या शहरातील अगदी आरंभीच्या कंपन्यांपैकी बीपीएल मोबाइल, जिचे नाव पुढे ‘लूप’ झाले, तिच्या परवान्याची मुदत नोव्हेंबर २०१४ मध्ये संपली, सेवा बंद झाली, आणि तिच्या ग्राहकांना आपला क्रमांक घेऊन दुसरीकडे जावे लागले.

पारिभाषिक शब्दांचा अर्थ लोकभाषेहून निराळा असतोच. मग कंपन्यांनाच दोष का, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर आपल्या शास्त्रपरंपरेतच आहे. ‘वृद्धि’ या शब्दाचा लोकांतील अर्थ वाढ. पाणिनीच्या व्याकरणात तो आ, ऐ, औ या स्वरांची संज्ञा आहे. परंतु ही संज्ञा त्याने पहिल्याच सूत्रात सांगितली, सर्वांस सारखी लागू केली आणि पुढे सोयीप्रमाणे बदलली नाही. शास्त्रीय परिभाषा आधी जाहीर होते आणि ती वापरणाऱ्यालाही बांधते. दरपत्रकाची परिभाषा मागाहून, ‘अटी लागू’ या शब्दांच्या आड प्रकट होते आणि केवळ ग्राहकाला बांधते. योगापेक्षा रूढी बलवान, हे आपल्याकडील अर्थनिर्णयाचे जुने तत्त्व आहे. ज्याच्याशी करार करावयाचा त्याच्या रूढ अर्थाने शब्द लागला पाहिजे, असे त्यावरून म्हणता येईल.

दाद मागावयाची कोठे, हाही अखेर शब्दार्थाचाच प्रश्न ठरला. मोबाइल कंपन्यांच्या कथित संगनमताच्या चौकशीचा स्पर्धा आयोगाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये रद्द केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आधी ट्रायने आपल्या क्षेत्रातील प्रश्न ठरवावेत आणि मग आयोगाने, असा क्रम लावून दिला. दुसरीकडे, टेलिग्राफ कायद्यातील लवादाची तरतूद पुढे करून ग्राहक न्यायालयांचे दार बंद करण्याचा युक्तिवाद फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने अमान्य केला. ट्राय वैयक्तिक तक्रारी ऐकत नसल्याने या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग तिचेच अपील प्राधिकरण आणि तेथे समाधान न झाल्यास ग्राहक आयोग, असा मार्ग अंधेरी किंवा मुलुंडच्या ग्राहकास उपलब्ध आहे. २३ डिसेंबर २०२४ च्या सुधारणेने केवळ बोलणे व संदेश यांपुरती किमान एक योजना ठेवण्याचे बंधन घातले आणि विशेष योजनांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. ज्याला इंटरनेट नको त्याने त्याचे पैसे का भरावेत, या साध्या प्रश्नास मिळालेले हे उशिराचे उत्तर होय.

मराठीत ‘ग्राहक’ या तत्सम शब्दाचे तद्भव रूप ‘गिऱ्हाईक’. दोन्ही शब्द एकच असले तरी ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याला फसविणे, त्याची फजिती करणे. बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या या दोन अवस्थांमधील अंतर भाषेने फार पूर्वीच ओळखले होते. हे अंतर राखावयाचे असेल तर ‘महिना’ म्हणजे महिना आणि ‘अमर्याद’ म्हणजे अमर्याद, एवढा आग्रह धरणे आवश्यक आहे. तो धरण्यास विधिज्ञ किंवा अर्थशास्त्रज्ञ असावे लागत नाही. शब्दांचे अर्थ जपणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांनी तो प्रथम धरावा, हे अधिक युक्त.