कारली गळत होती, कारण...

बडोद्यातला मे महिना म्हणजे दुपारी गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही. तरी गेल्या वर्षी मी हौसेनं कुंडीत कारल्याचा वेल लावला. फुलं भरपूर आली, पण फुलामागची पेराएवढी कारली पिवळी पडून गळायची. खत घातलं, पाणी वाढवलं, काही फरक नाही.

शेवटी आजीनं विचारलं, "अरे, वेलावर कधी मधमाशी बघितलीस का?"

नव्हती बघितली. दिसणार कुठून? मावा पडू नये म्हणून दर रविवारी सकाळी मीच फुलांवर औषध मारत होतो. कारल्याचं नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. फुलं सकाळी उमलतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात त्या मुख्यतः मधमाश्याच. नेमक्या त्याच वेळी मी त्यांना पळवून लावत होतो!

फवारणी थांबवली. आता गरज पडलीच तर कडुलिंबाचं तेल, तेही संध्याकाळी, फुलं टाळून. पण पाहुणे परत यायला पंगत मांडायला हवी. म्हणून वर्षानुवर्षं टिकतील आणि उन्हाळ्यात फुलतील अशी झाडं निवडली.

तुळस: बी धरलं की पानं कमी होतात, म्हणून आजी मंजिऱ्या खुडते. आमचा तह झाला. वृंदावनातली तुळस तिची, कुंडीतल्या दोन माझ्या. त्या मंजिऱ्यांवर सकाळी छोट्या फुलोरी माश्यांची गर्दी असते.

कढीपत्ता: उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका, ती फुलपाखराची अळी असू शकते. फोडणीपुरती पानं उरतातच.

मधुमालती: फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी होतं, मग लाल. नळी लांब असल्यानं रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, दिवसा शिंजीर पक्षी. हिला मोठी कुंडी आणि भक्कम आधार द्या.

मोगरा घरासाठी जरूर लावा, पण भरगच्च पाकळ्यांच्या जातीत पराग फारसा नसतो. माश्यांसाठी साध्या, उघड्या फुलांची झाडंच बरी.

शिवाय सावलीत एक पसरट थाळी, त्यात खडे आणि खडे बुडणार नाहीत एवढंच पाणी. उन्हाळ्यात मधमाश्या पोळं थंड ठेवायला पाणी नेतात. खडे नसले तर बुडतात. पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास होतील.

यंदा पुन्हा कारलं लावलं. पहिली चार कारली आजीनं स्वतः चिरली, मीठ लावून पिळली आणि कुरकुरीत काप केले. खाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी माझ्या तुळशीच्याही थोड्या मंजिऱ्या ठेवू."