पाणीपुरवठ्यातील सार्वजनिक-खाजगी भागीदारी

शहराला पाणी पुरविण्याच्या कामाचा काही भाग ठराविक मुदतीच्या करारान्वये खाजगी कंपनीकडे सोपविण्याची पद्धत. जलाशय, शुद्धीकरण केंद्रे, जलवाहिन्या इ. मालमत्तेची मालकी या पद्धतीत सामान्यतः सार्वजनिक संस्थेकडेच राहते. या बाबतीत ती संपूर्ण खाजगीकरणाहून वेगळी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९८९ साली जलप्राधिकरणांची मालमत्ताच खाजगी कंपन्यांकडे गेली. ते भागीदारीचे नव्हे, तर खाजगीकरणाचे उदाहरण होय.

पाणीपुरवठा हा नैसर्गिक मक्तेदारीचा व्यवसाय आहे. एकाच रस्त्याखाली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नळवाहिन्या टाकणे परवडत नाही व ग्राहकाला पुरवठादार बदलता येत नाही. त्यामुळे येथे स्पर्धा होते ती फक्त निविदेच्या वेळी. पुढे कंपनीवर अंकुश राहतो तो कराराचा व त्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा.

इतिहास : या पद्धतीची दीर्घ परंपरा फ्रान्समध्ये आढळते. तेथे १८५३ मध्ये शाही आदेशाने ‘कोंपान्यी जेनेराल देझो’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिला लीआँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम मिळाले. पॅरिसमधील पाणीवाटप १९८५ पासून दोन कंपन्यांकडे होते. त्यांचे करार संपल्यावर २०१० पासून ते पुन्हा नगराच्या सार्वजनिक संस्थेकडे आले. विकसनशील देशांत या पद्धतीचा प्रसार मुख्यत्वे १९९० नंतर झाला.

प्रकार : भागीदारीचे प्रकार जोखीम कोणी उचलायची यावरून पडतात. सेवा कंत्राटात मापके वाचणे, देयके वाटणे यांसारखे मर्यादित काम दिले जाते. व्यवस्थापन कंत्राटात कंपनी ठरीव मोबदला घेऊन यंत्रणा चालविते. भाडेपट्टा करारात वसुलीची जोखीम कंपनीची, तर भांडवल सार्वजनिक संस्थेचे असते. सवलत करारात कंपनी भांडवलही गुंतविते आणि २५–३० वर्षांत ते पाणीपट्टीतून वसूल करते. ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ ही पद्धत बहुधा शुद्धीकरण केंद्रासारख्या एखाद्या प्रकल्पापुरती योजिली जाते.

परदेशांतील अनुभव : फिलिपीन्सची राजधानी मानिला येथे १९९७ मध्ये शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन विभाग करून प्रत्येकी २५ वर्षांचे सवलत करार करण्यात आले. पूर्व विभागात गळती, चोरी इ. कारणांनी महसूल न देणारे पाणी निम्म्याहून अधिक होते. ते पुढे सु. १२ टक्क्यांपर्यंत खाली आले. पश्चिम विभागातील कंपनीकडे मात्र जुन्या संस्थेच्या परकीय कर्जाचा सु. ९०% भाग आला होता. त्याच वर्षीच्या आशियाई आर्थिक संकटात पेसोचे मूल्य घसरल्याने हा बोजा असह्य झाला व पुढे कंपनीची मालकी बदलावी लागली. पद्धत, शहर आणि वर्ष एकच असूनही जोखमीच्या वाटणीमुळे फळे भिन्न आली.

बोलिव्हियातील कोचाबांबा येथे १९९९ मध्ये एकाच बोलीदाराशी ४० वर्षांचा करार झाला. पाठोपाठ पाणीपट्टीत मोठी वाढ झाली आणि लोकांनी स्वतः उभारलेल्या विहिरी व वाटपव्यवस्थाही धोक्यात आल्याची भावना पसरली. तीव्र आंदोलनानंतर एप्रिल २००० मध्ये करार रद्द झाला. तथापि व्यवस्था सार्वजनिक संस्थेकडे परत येऊनही शहरातील पाण्याची टंचाई दीर्घकाळ कायम राहिली.

भारतातील प्रयोग : चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा नगरपालिकांकडे सोपविण्याजोगा विषय म्हणून नमूद आहे. बहुतेक भारतीय शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. नळ रिकामे असताना त्यांतील दाब नाहीसा होऊन सांध्यांतून बाहेरचे दूषित पाणी आत शिरते; म्हणून अखंड पुरवठा हा सोयीपेक्षाही आरोग्याचा प्रश्न ठरतो. कर्नाटकातील हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा या शहरांच्या निवडक विभागांत जागतिक बँकेच्या साहाय्याने व खाजगी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली २४ तास पुरवठा यशस्वी करून दाखविण्यात आला. महाराष्ट्रात नागपूर महानगरपालिकेने धरमपेठ विभागात प्रायोगिक काम करून २०१२ पासून संपूर्ण शहरासाठी २५ वर्षांचा करार अंमलात आणला. पाणीपट्टीचे दर ठरविण्याचा अधिकार महानगरपालिकेने स्वतःकडे ठेवला. तेथे काही विभागांत पुरवठा सुधारला. परंतु संपूर्ण शहराला २४ तास पाणी देण्याचे उद्दिष्ट नियोजित पाच वर्षांत साध्य झाले नाही. लातूर येथील प्रयोग नागरिकांच्या विरोधामुळे टिकू शकला नाही.

स्थानिक संस्थांचे साहाय्य : कंपनीजवळ अभियंते, वकील व हिशेबतज्ञ असतात, नगरपालिकेजवळ ते क्वचितच असतात. ही विषमता करार होण्यापूर्वीच दूर करावी लागते. जुन्या नळवाहिन्यांची पाहणी, पाण्याच्या आवकजावकेचे मापन व ग्राहकांची गणना झाल्याशिवाय निविदा काढल्यास पायाभूत आकड्यांविषयी पुढे वाद उद्‌भवतात. सेवेची मोजता येणारी उद्दिष्टे, गरीब वस्त्यांतील जोडण्यांची तरतूद, दरवाढीचे सूत्र, कामगारांचे हक्क, तक्रारनिवारण आणि करार संपुष्टात आणण्याच्या अटी आधीच स्पष्ट असणे आवश्यक असते. अशा तयारीसाठी तांत्रिक साहाय्य देणारा सल्ला निधी १९९९ मध्ये जागतिक बँकेच्या अंतर्गत स्थापन झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये सुरक्षित पेयजल हा मानवी हक्क मानला. या हक्काच्या दृष्टीने पाहता, भागीदारीत काम कंपनीकडे जाते, उत्तरदायित्व मात्र स्थानिक संस्थेकडेच राहते. ज्या नगरपालिकेला स्वतःच्या पाण्याचा हिशेब ठेवता येतो, तिलाच दुसऱ्याकडून तो मागता येतो. दुर्बल नगरपालिकेच्या उणिवा करारामुळे भरून निघत नाहीत.