बाळाच्या ताटातून दूध-अंडं काढण्याआधी

आमच्या वस्तीतल्या एका घरातली गोष्ट आहे. घरात आजी, तिचा मुलगा, सून, पाच वर्षांची नात आणि नऊ महिन्यांचा नातू. सातव्या महिन्यात हा नातू आधाराशिवाय बसायला लागला होता. कुणी टाळी वाजवली की खुदकन हसायचा. आठव्या महिन्यानंतर तो हसेनासा झाला. बसवलं की कलंडायचा. चेहरा पांढराफटक, केस विरळ आणि तांबूस, बोटांच्या पेरांवरची कातडी काळी पडलेली. मग हात थरथरायला लागले. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. आजी म्हणाली, "नजर नाय, पोराला खायाला नाय."

आजीचं अर्धं खरं होतं. बाळ आईच्या अंगावर पीत होतं, गालही भरलेले होते. डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि पहिला प्रश्न आईला विचारला, "तुम्ही काय खाता?"

हे घर दोन वर्षांपासून व्हिगन आहे. म्हणजे मटण, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. आपल्या वस्तीत हे ऐकून लोक हसतात, श्रीमंतांचं खूळ म्हणतात. या घरात ते खूळ म्हणून आलं नाही. मुलगा एका तबेल्यात कामाला होता. म्हशीला नर पारडू झालं की त्याचं पुढं काय होतं, ते त्यानं रोज पाहिलं. दूध विकायचं असल्यानं पारडाच्या वाट्याला ते येत नाही. दोन वर्षांनी त्यानं काम सोडलं आणि दूधही सोडलं. बायकोनं मनानं साथ दिली. तेव्हा तिला दिवस गेलेले होते.

बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पहिलं शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं आहे. एखाद्या जोडप्याला त्यातून हा मार्ग दिसला, तर त्यांची चेष्टा करण्याचं कारण नाही. पण धम्म मांसाहार करणाऱ्याला हलका ठरवत नाही, हेही तितकंच खरं. भिक्खूंना मासे-मांस वर्ज्य करावं अशी मागणी देवदत्तानं केली होती. ती सर्वांवर सक्तीची करायला तथागतांनी नकार दिला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेबद्दल बोलताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं. तेव्हा काय खायचं हा त्या घराचा विचार. आरोग्याच्या पानावर मला एवढंच सांगायचं आहे, की ताटातून एखादी गोष्ट काढताना तिच्याबरोबर काय जातं ते माहीत हवं.

आपल्या आजी-पणजीचं ताट आठवून बघा. त्यात दूध कुठं होतं? ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, पिठलं, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी. दूध परवडत नव्हतं, म्हणून ते ताट बरंचसं आपोआप व्हिगनच होतं. त्याच ताटात कधी सुकट, कधी बोंबील, कधी वजडी, कधी काळीज यायचं. थोडं यायचं, पण यायचं. प्रथिनं बरीचशी डाळी-कडधान्यांतून मिळत होती. एक गोष्ट मात्र फक्त त्या सुकटीतून आणि काळजातून येत होती. तिचं नाव जीवनसत्त्व बी-१२.

बी-१२ वनस्पतीत भरवशाचं मिळत नाही. मोड आणलेल्या मटकीत नाही, आंबवलेल्या इडलीत नाही, शेवग्याच्या पाल्यात नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांतही जे असतं ते शरीराला उपयोगी पडत नाही. शाकाहारी घरांत ते दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. दूधही गेलं की दारच बंद होतं. मोठ्या माणसाच्या यकृतात त्याचा साठा असतो. तो काही वर्षं पुरू शकतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. बाळाचं तसं नाही. त्याचा साठा आईच्या पोटात असताना भरतो आणि नंतर आईच्या दुधातून येतो. आईकडेच नसेल तर बाळाला कुठून मिळणार? या घरातल्या बाळाचं हेच झालं होतं. आपल्या देशात बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला ओळखीचा आहे. वेळीच इंजेक्शनं सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बाळ पुन्हा आईकडे बघून हसलं. थरथर जायला काही आठवडे लागले. ते आता उशिरा का होईना, धरून उभं राहतं. उशीर झाला असता तर मेंदूच्या वाढीतली कसर कायमची राहू शकली असती.

त्या आईनं एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा विचारली. "ताई, मी तर सरकारी गोळ्या एक दिवस चुकवल्या नव्हत्या." खरं होतं तिचं. पण गरोदरपणात मिळणाऱ्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. मुलांना मिळणाऱ्या लोहाच्या औषधातही नसतं. उलट फॉलिक ॲसिडमुळं रक्ताचा अहवाल बरा दिसू शकतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणून लोहाची गोळी बंद करायची नाही, तिच्या जोडीला बी-१२ वेगळं घ्यायचं. औषधाच्या पाकिटावर सायनोकोबालामिन किंवा मिथाइलकोबालामिन असं नाव शोधा. जनऔषधी केंद्रात विचारा, स्वस्त पडतं. किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांकडून वयाप्रमाणे लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून बाळाला देऊ नका. अंगावर पाजणाऱ्या आईनं स्वतः घ्यायचं आणि बाळाचे थेंबही डॉक्टरांना विचारायचे.

रेशनच्या तांदळाचा विषय इथं निघतोच. त्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे मिसळण्याची योजना आली, तेव्हा आपल्याकडे "प्लॅस्टिकचा तांदूळ" अशी अफवा पसरली. बायका ते दाणे निवडून फेकायच्या. ते प्लॅस्टिक नाही. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं असतं. असे दाणे तांदळात आले तर फेकू नका, आणि जास्त पाण्यात शिजवून पेज ओतूनही देऊ नका. पण त्यावर विसंबूनही राहू नका. अशा एक किलो तांदळात साधारण १ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. मूल दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ खात असेल तर त्याला ०.१ मिळालं. लहान मुलाची रोजची गरज साधारण १ ते दीड मायक्रोग्रॅमची आहे.

बाकीचं ताट जमवणं त्यामानानं सोपं आहे, आणि त्याला बदामाचं दूध किंवा टोफू लागत नाही. दूध गेलं तर कॅल्शियमचं काय, असं आया विचारतात. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण १२०. पॉलिश न केलेल्या तिळात तर हजाराच्या वर असतं. धान्यातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळायची. आपल्या बायका सत्त्व करतात ते उगाच नाही. लोहासाठी डाळ, उसळ, पालेभाजी आहेच, वर लिंबू पिळलं की ते जास्त लागू पडतं. आवळ्याच्या दिवसांत आवळा, एरवी पेरू. आणि मुलांचा चहा बंद करा. व्हिगन घरात दुधाचा जाऊन कोरा चहा आला म्हणजे झालं, असं नाही. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अडवतो, मग तो कोरा असो की दुधाचा.

लहान मुलाचं पोट छोटं असतं, भाकरी-डाळीनं ते लवकर भरतं आणि ताकद मात्र कमी मिळते. म्हणून घासाघासात शेंगदाण्याचं कूट, तिळाचं कूट, चमचाभर तेल घालायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. जवसाची चटणी रोज थोडी द्यावी. मीठ आयोडीनचंच हवं, सैंधव नको. आणि आमच्यासारख्या गल्ल्यांत, जिथं घरात दुपारीही दिवा लावावा लागतो, तिथं मुलांना उन्हात खेळायला सोडणं हेही औषधच आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईचं दूध. सहा महिन्यांनंतर त्याच्या जोडीला वरचं अन्न. नारळाचं किंवा शेंगदाण्याचं दूध आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. आईचं दूध बंद झालं असेल तर घरी प्रयोग न करता आधी डॉक्टरांना विचारा.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन, उंची करून घ्या. आम्ही दूध-अंडी खात नाही हे सेविकेला आणि डॉक्टरांना लपवू नका. दंडाला लावायची पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेली तर वाट बघत बसायचं नाही.

आणि माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगते. बी-१२ नियमित देणं कोणत्याही कारणानं जमणार नसेल, तर मुलाला अंडं द्या. आपल्या मुलांना अंडं मिळावं यासाठी किती वर्षं मागणी होत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला गेला. ते बंद झाल्यावर "बरं झालं" म्हणणारे कोण होते, तेही आपण पाहिलं. त्यांच्या बाजूला उभं राहण्यासाठी कुणी व्हिगन होऊ नये.

या घरातल्या नातीनं एकदा मावशीकडे रविवारच्या मटणाकडे बघून "छी, घाण" म्हटलं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं तिथंच मुलीला बाजूला घेतलं. आपण खात नाही कारण आपल्याला प्राण्याची दया येते, पण मावशीचं अन्न घाण नाही, असं तिला समजावलं. मला हे फार मोलाचं वाटलं. आपल्या ताटाला घाण म्हणणाऱ्यांनी आपल्या आज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं, आणि आजही खोली भाड्यानं घ्यायला गेलं की "नॉनव्हेज खाता का" हा प्रश्न येतोच. तो शब्द आपल्या पोरांच्या तोंडी बसायला नको.

आजीचं आणि सुनेचं बरेच दिवस वाजलं. आजी नातीला गुपचूप उकडलेलं अंडं द्यायची, सून रुसायची. आता त्यांचं ठरलंय. घरात शिजत नाही. नात आत्याकडे गेली आणि मागितलं तर तिला कुणी अडवत नाही. वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान असतं. यंदा सुनेनं नारळाच्या दुधाची, गुळाची एक वेगळी पातेली नेली. मोठ्या पातेल्याशेजारी ठेवली, आणि ती आधी संपली.

बाळाच्या थेंबांची बाटली आजीनं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखालच्या फळीवर ठेवली आहे. सकाळची वंदना झाली की मेणबत्ती विझवायच्या आधी ती हाका मारते, "आण गं त्याला इकडं."