तरुणांचे मनोबल आणि पाळकीय सेवा

मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत होतो. म्हणजे दृढीकरणाच्या वर्गात जी मुले आपल्यापुढे बसतात, त्याच वयात. रोग जडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मन आधीच कणखर करणे हे कार्य मंडळीच्या आवाक्यातील आहे.

हवाई बेटांपैकी कवाई येथे 1955 साली जन्मलेल्या सुमारे 700 बालकांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, गृहकलह, आईबापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले तरीही कर्तबगार व मायाळू निघाली. त्यांच्या जीवनात आजी, शिक्षक, शेजारी वा पाळक असे जिव्हाळ्याचे निदान एक माणूस होते. मनोबल ही केवळ उपजत देणगी नव्हे.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळण्यात कित्येक मातांचा दिवस जातो. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते. हात थांबला की मजुरी थांबते. मुलांशी बोलण्यास वेळ उरत नाही, यात त्या माउलीचा दोष नाही. त्यातच घरी मराठी आणि कचेरीत कन्नड. सीमावादाचा निकाल काहीही लागो, दोन्ही भाषांत निर्धास्त बोलता येणे हेही आमच्या मते मनोबलच होय.

रतामाच्या झुडपाखाली मरण मागणारा एलीया (1 राजे 19) पाहा. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. झोपू देतो, भाकर व पाणी देतो, तेही दोनदा. प्रश्न पुढे होरेबात विचारला जातो आणि त्यानंतर अलीशा हा सोबती लाभतो. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो व प्रथमच “तुझा विश्वास उणा” असे म्हणून बसतो. असा तरुण पुन्हा आपल्या दारी येत नाही.

मुलांवर एखादे खरे काम सोपवावे: वर्गणीचा हिशेब, पेटीवादन, आजाऱ्यांची विचारपूस. कवाईतही अशी जबाबदारी हितकर ठरली.

मात्र झोप व अन्न तुटले, भास होऊ लागले, मरणाची भाषा निघाली, तर केवळ प्रार्थनेवर न थांबता वैद्याकडे न्यावे. आत्महत्येचा विचार येतो काय, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्या टापूस जवळची आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक 14416 असून तेथे मराठीत व कन्नडमध्ये विनामूल्य बोलता येते.